मुठीतली कवडी

कुरोसे गाव
ताइशो चौदावं वर्ष, ९ मे

किनू,

होरिगुची मास्तर म्हणतायत, पत्राच्या सुरुवातीला ऋतूबद्दल चार शब्द असायलाच हवेत, नाहीतर ते पायताणं घालून घरात शिरल्यासारखं दिसतं. मी म्हटलं, लिहा बाबा काय ते. तर त्यांनी लिहिलंय की डोंगर हिरवेगार झाले आहेत आणि तुझी प्रकृती उत्तम असावी. झालं? आता माझं लिहा, मास्तर. आणि जसं बोलते तसं लिहा. एक शब्द गाळलात तर ठरलेले दोन आवाबी शिंपले मिळायचे नाहीत, आधीच सांगून ठेवते.

चार वर्षांनी तुझं पत्र आलं. पोस्टमन दारात उभा राहिला तेव्हा मी नुकतीच समुद्रातून वर आले होते, ओलेतीच शेकोटीपाशी बसले होते. ओसाकाचं पत्र म्हणाला. तुझं काही बरंवाईट झालं असंच वाटलं मला. आईचं मन दुसरं काय करणार! तशीच पळत मास्तरांच्या ओसरीवर आले. त्यांनी वाचलं, तुला सातवा महिना लागलाय. माझी किनू आई होणार! मी तिथेच रडले, आणि मास्तरही उगीच चष्मा पुसत बसले. (हे त्यांनी लिहायला का-कू केली. मी लिहायला लावलं.)

तू लिहिलंस, ‘कवडी पाठव. इसोताईच्या बाळंतपणात माझ्यामुळे उशीर झाला. या वेळी तरी ती वेळेवर हातात पडू दे.’ आणि लिहिलंस, ‘तू येऊ नकोस, नुसती कवडी पाठव.’ बरं. नाही येत.

पण कवडी सध्या घरात नाही गं. पलीकडच्या खाडीतल्या एका सुनेला दिलीय. तुला रीत ठाऊक आहे, बाळंतपणात मुठीत धरायला न्यायची आणि बाळंत झाल्यावर परत आणून, वर नवी एक शोधून देवळात वाहायची. परत आली की बघू.

एइकिची बरा वागतो ना? शिंपल्यांची बटणं करणाऱ्या माणसाला आम्हा पाणबुड्या बायकांचं महत्त्व कळायला हवं, सांग त्याला. जड उचलू नकोस.

तुझी आई

३० मे

किनू,

(ऋतूचं मास्तरांनी वर कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय. वाचलं नाहीस तरी चालेल.)

सोबतच्या गाठोड्यात वाळवलेलं वाकामेचं शेवाळ आहे, ते पातळ सुपात घालून रोज खा. माझे दोन जुने सुती किमोनो आहेत, ते फाडून लंगोट कर. धुऊन धुऊन मऊ झालेत, बाळाच्या अंगाला टोचणार नाहीत. खारवलेली आंबट उमे फळं आहेत, मळमळलं की एक चघळ.

कवडी गाठोड्यात नाही. उगाच उलथंपालथं करून शोधू नकोस.

तुझं दुसरं पत्र फार रागाचं होतं. मास्तर वाचता वाचता अडखळायला लागले, मी म्हटलं वाचा, मला काय ऐकायची सवय नाही? तू लिहिलंस, ‘इसोताईच्या मयताच्या दिवशी सगळ्या बायकांसमोर तूच म्हणालीस, कवडी दुपारच्या ऐवजी सकाळी आली असती तर माझी पोर वाचली असती. डोंगरापलीकडे दिलेली ती परत आणायला मीच गेले होते, आणि मीच उशीर केला. मी बंदरावर बोनितो मासळीच्या होड्या बघत उभी राहिले. तेव्हापासून मी त्या उशिरासकट जगतेय. आता मला माझ्या लेकराच्या वेळी तरी कवडी दे, का अजून शिक्षा पुरी झाली नाही?’

शिक्षा कसली पोरी? मी तुला कसली शिक्षा देणार!

मास्तर, पुढचं लिहू नका जरा. मला विचार करू द्या. पाणी द्या घोटभर.

(त्यांनी हेही लिहिलं. काय माणूस आहे!)

मी तुझ्यासाठी नवी शोधते. आपल्या हाताने काढलेली, ताजी. ती जुनी किती जणींच्या घामाने झिजलीय, तिची पाठ पार पुसट झालीय. हवा जरा गरम झाली की मी मोठ्या खडकाखाली बुडी मारीन.

आई

२२ जून

किनू,

काल मोठ्या खडकाखाली गेले. तिथे लाटा फार आपटतात, तिथल्या कवड्याच खऱ्या, काळसर तपकिरी, तुझ्या मुठीत बरोबर मावतील एवढ्या. पाणी अजून थंड आहे. एकदा बुडी मारली की पूर्वी मी साठ मोजेपर्यंत खाली राहायचे, काल चाळीसलाच छाती फुटायला लागली. वर येऊन श्वासाची शीळ घातली तर बाजूच्या होडीतली माझी जोडीदारीण ओकाने म्हणाली, ‘तोमे, ही शीळ आहे का किटलीची वाफ?’ मेली दात काढत होती. मी पण हसले. पण खरं सांगू, थंडीने नव्हते गं कापत. गेला महिनाभर पाण्यात उतरले की मला भीती वाटते. वयाच्या बाराव्या वर्षापासून बुड्या मारते, कधी वाटली नाही. आता खाली अंधार दिसला की मला ती बाळंतिणीची खोपटी दिसते, तिच्या दारात तू उभी दिसतेस, आणि मी वर पळून येते.

चौथ्या बुडीला एक सापडली. कपारीत, उलटी चिकटलेली. तिने आपलं मांस पाठीवरून शालीसारखं ओढून घेतलं होतं. बोट लावलं की कवडी ती शाल आत घेते आणि खालची पाठ एकदम झळकते, तुला लहानपणी किती आवडायचं ते! मी बोट लावलं. तिने शाल आत घेतली, पण जागची हलली नाही. ओढली तरी हलेना. मग दिसलं, तिच्या पोटाखाली अंडी होती, पिवळसर, दाट चिकटलेली. ती त्यांच्यावर बसून होती. अशी कवडी काढली की पाच मिनिटांत लहान मासे येऊन अंडी फस्त करतात, मी पाहिलंय. एरवी आपण बायका अशा कवडीला हात लावत नाही. पण काल माझ्या मनात आलं, हिला काढते, किनूला पाठवते, म्हणजे विषय मिटला. पोर खूश होईल. मुठीत धरून बसेल. कुठे जाणार नाही.

तेवढ्यात श्वास संपला. वर आले ती परत गेलेच नाही. ओकाने विचारत होती काय झालं, मी म्हटलं पायात गोळा आला.

आता तू म्हणशील, ही बाई कवडी पाठवायची सोडून गोष्टी सांगत बसलीय. तुला कुणी डॉक्टरीण, सुईण बघते का? पोट दाबून बघितलं का कुणी? डोकं कुठे आहे म्हणाली? ते आधी कळव. बाकी सगळं नंतर.

आई

८ जुलै

किनू,

आज ऋतूबद्दल एक ओळही नाही. मास्तरांनी विचारलं सुद्धा नाही.

तुझं पत्र नाही आलं, एइकिचीचं आलं. तू झोपलीस तेव्हा चोरून लिहिलंय म्हणे, त्याला रागावू नकोस. तो लिहितो, गल्लीतल्या सुईणीने पोट दाबून सांगितलंय की मूल आडवं आहे, डोकं एका कुशीकडे आहे, वेदना सुरू व्हायच्या आधीच मोठ्या दवाखान्यात जाऊन राहा. आणि तू म्हणालीस, ‘ताईचंही आडवंच होतं. माझ्या आईची कवडी येऊ दे. ती हातात पडली की मूल वळेल. ती येईपर्यंत मी या घरातून हलणार नाही.’ तो लिहितो, ‘आई, कवडी आली तर ती घेऊन घरातच बसेल, नाही आली तर वाट बघत घरातच बसेल. मी काय करू?’

हे ऐकलं आणि मी मास्तरांना म्हटलं, आजचं पत्र लांब आहे, आणि घरी आधी सांगून या की चहा नको, कुणी आत येऊ नये. पण त्यांची बायको चहा घेऊन आलीच आणि दारातच बसली आहे. बसू दे. ऐकू दे. एकदा सांगितलं काय आणि दहांना सांगितलं काय.

किनू, कवडी उशिरा आली नव्हती.

नीट वाच. मास्तर, हे ठळक लिहा. कवडी वेळेवर आली होती.

आणि मी मेमध्ये तुला खोटं लिहिलं. कवडी कुठल्या सुनेकडे नाही. ती इथे देव्हाऱ्याखालच्या डब्यात आहे, इसोच्या नंतर मी कुणालाच दिलेली नाही. मागायला येतात त्यांना मी कायम तेच सांगते, दुसऱ्या गावी गेलीय म्हणून.

त्या दिवशी तू कवडी आणायला पहाटे डोंगरापलीकडे गेलीस. तू निघालीस आणि थोड्या वेळाने गावात शहरातली सनदी सुईण आली, सुगिएबाई. दुसऱ्या कुणाला तपासायला आली होती, खोपटीवरून जाताना इसोचं कण्हणं ऐकून आत शिरली. तिने पोट दाबलं आणि म्हणाली, मूल आडवं आहे, हे घरात व्हायचं नाही, दुपारी ओहोटी लागली की होडीने हिला शहरात डॉक्टरकडे न्या, मी बरोबर येते. ती जाऊन होडी ठरवून पण आली. माझ्यादेखत.

मी म्हटलं, आधी कवडी येऊ दे.

मग तू आलीस, ऐन दुपारी. ओहोटी लागायला अजून वेळ होता. तू धापा टाकत होतीस, लग्न न झालेल्या मुलीने खोपटीत यायचं नसतं म्हणून दारातच थांबलीस. मी तुझ्या हातातून कवडी घेतली, तुझ्याकडे बघितलंही नाही, तिथूनच घरी पिटाळलं. आत गेले, इसोच्या उजव्या मुठीत दिली आणि वरून पांढरी पट्टी बांधली. सुगिएबाई म्हणाली, आता उठवा हिला, होडी तयार आहे.

आणि मी म्हटलं, कवडी मुठीत असलेली बाई जागची हलवायची नसते. मूल रडेपर्यंत मूठ उघडायची नाही आणि बाई हलवायची नाही. माझ्या सासूने हेच केलं, तिच्या सासूने हेच केलं. सुगिएबाई म्हणाली, मग पट्टी सोडा आणि हलवा. मी म्हटलं, माझ्या चाळीस वर्षांत या कवडीची पट्टी कुणी मध्येच सोडलेली नाही, आणि तुम्ही कालची आलेली पोर मला शिकवणार? ती बाहेर वाळूत बसून राहिली. होडीवाला दोनदा हाक मारून गेला. पाणी उतरलं, होडी वाळूवर बसली, तेव्हा सुगिएबाई उठून पायी निघून गेली. 

इसो दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. मूलही. दुपारपासून अख्खी रात्र कवडी तिच्या मुठीत होती, किनू. मीच मूठ उघडली तेव्हा तिच्या तळव्यात कवडीच्या दातांचे वळ उठलेले होते.

तू उशीर केलास, बोनितोच्या होड्या बघत राहिलीस, आणि मला नंतर कळलं की त्याच बंदरावर तो बटणवाला एइकिचीही उभा होता. असू दे. तू सकाळी आली असतीस तर काय झालं असतं? मी कवडी सकाळी बांधली असती आणि तिला सकाळपासून हलू दिलं नसतं. एवढंच.

मग मी तसं का बोलले? मयताला सगळ्या बायका जमल्या होत्या, सगळ्यांनी कधी ना कधी माझ्याकडून कवडी नेलेली. त्या माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं आता विचारतील, सुईण काय म्हणत होती तोमे? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, सकाळी आली असती तर. सगळ्या वळून तुझ्याकडे बघायला लागल्या. तू पाण्याचं भांडं घेऊन उभी होतीस, सतरा वर्षांची. आणि त्या क्षणी मला हायसं वाटलं. हो, लिहा मास्तर. हायसं वाटलं. माझ्यावरची नजर हटली म्हणून.

पुढे तू घर सोडून गेलीस तेव्हा मी लोकांना म्हणत होते, पोर वाया गेली.

किनू, मी कवडी पाठवणार नाही. रडलीस तरी नाही, शिव्या दिल्यास तरी नाही. ती मूल वळवत नाही. ज्यांची मुलं नीट होती त्यांना ती मुठीत धरायला बरी वाटली, धीर आला, एवढंच तिचं काम. आडवं मूल तिच्याने वळत नाही, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तू आज, हे पत्र वाचून संपलं की, उठ आणि दवाखान्यात जा. एइकिचीच्या पाठीवर बसून जा. मला आयुष्यभर तोंड दाखवू नकोस, पण जा.

मास्तरांनी लेखणी खाली ठेवलीय. त्यांच्या पुतणीच्या वेळीही मीच कवडी दिली होती. तिचं सुखरूप झालं म्हणून नशीब.  त्यांची बायको चहा तसाच ठेवून गेली, म्हणजे अंधार पडायच्या आत गावभर होईल.

होऊ दे. तू जा.

आई

२५ जुलै

किनू,

सतरा दिवस झाले, तुझी एक ओळ नाही. एइकिचीचीही नाही. पत्र मिळालं का? पोस्टात हरवलं का? मी रोज पोस्टाच्या दारात जाऊन बसते. पोस्टमन आता मला लांबूनच मान हलवून दाखवतो.

इथे काय चाललंय ते सांगते, नाहीतर मी वेडी होईन. शेकोटीवर बायकांनी माझी चटई दाराशी सरकवून ठेवलीय. ओकाने, माझ्याबरोबर पन्नास वर्षं बुड्या मारणारी, म्हणाली, ‘माझ्या सुनेला तू चार वर्षं खोटं सांगत होतीस होय गं?’ मी हो म्हटलं. तिने माझ्या बाजूची लाकडं उचलून आपल्याकडे घेतली. आणि गंमत बघ, परवा एक बाई मागच्या दाराने आली, सुनेला नववा आहे. म्हणाली, ‘तुमचं पाप तुमच्यापाशी, पण कवडी द्या.’ मी म्हटलं, सुगिएबाईंना बोलवा. तिने मला जे काय सुनावलं ते मास्तर लिहायला तयार नाहीत.

मी समुद्रात जात नाही सध्या. पाण्याखाली असताना तार आली तर?

तुझे दिवस भरत आले. मी डोळे मिटले की मला तू त्या खोपटीत दिसतेस, इसोच्या जागी, आणि मी पट्टी बांधत असते. मला भीती वाटते, किनू. इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती. मी आगबोटीचं तिकीट काढायला गेले होते आणि परत आले, कारण तू येऊ नकोस म्हणाली आहेस. मला बघून तू हट्टाने घरात बसलीस तर? म्हणून नाही येत. निदान एइकिचीला सांग, एक शब्द लिही म्हणावं. गेली, एवढाच. दवाखान्यात गेली.

आई

११ ऑगस्ट

किनू,

परवा तार आली. पोस्टमनने हातात दिली आणि मला ती उघडवेना. पोस्टमननेच उघडली. ‘मुलगी. पोट कापून काढली. दोघी जिवंत.’ मी पोस्टाच्या पायरीवर बसले ती उठलेच नाही, शेवटी मास्तरांना बोलावून आणलं तेव्हा त्यांनी धरून घरी नेलं.

आज तुझं पत्र आलं. दवाखान्यात पडल्या पडल्या लिहिलंयस, अक्षर वेडंवाकडं आहे, मास्तरांनी दोनदा वाचलं. तू माझं पत्र वाचून तीन दिवस माझ्यावर थुंकत होतीस आणि चौथ्या दिवशी दवाखान्यात गेलीस, असं लिहिलंस. चौथ्या दिवशी! बरं झालं मला तेव्हा माहीत नव्हतं, मी मेले असते. पोरीचं नाव तुम्ही ठेवाल ते ठेवा, मला कळवायची गरज नाही. जखम ओली ठेवू नकोस. डॉक्टर सांगतील तेवढे दिवस उठू नकोस.

खाली तू लिहिलंस, ‘तुला माफ करायचं की नाही ते मला माहीत नाही. मला एकच विचारायचंय. होडी वाट बघत होती तेव्हा ताई शुद्धीवर होती का? ती काही म्हणाली का? खरं सांग. त्या खोपटीत तू आणि ती दोघीच होतात, दुसरं कुणी सांगणार नाही मला.’

मास्तरांनी हे वाचलं आणि म्हणाले, तोमे, याचं उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. पोरगी वाचली, बाळ वाचलं, आता हे कशाला? चांगला माणूस आहे. पण तू विचारलंयस. मागच्या पत्रात मी सगळं सांगितलं असं दाखवलं, आणि हे तेवढं ठेवून दिलं होतं. मला वाटलं, दवाखान्यात जायला तेवढं पुरे होईल.

हो. इसो शुद्धीवर होती. पार होडी वाळूवर बसेपर्यंत शुद्धीवर होती. तिने सुईणीचं बोलणं सगळं ऐकलं होतं. होडीवाल्याने पहिली हाक मारली तेव्हा ती म्हणाली, ‘आई, मला होडीत घाल.’ मी म्हटलं, मूठ सोडू नकोस, सगळं नीट होईल. दुसरी हाक आली तेव्हा परत म्हणाली, ‘आई, घाल ना गं.’ मी तिचं कपाळ पुसत बसले. मग तिने हात तोंडाशी नेला आणि दातांनी पट्टीची गाठ सोडायला लागली. गाठ सुटत आली होती.

मी तिचा हात धरून ठेवला, किनू. मी दोन्ही हातांनी धरून ठेवला.

तोमे